‘शुअरली’चा अर्थ

आमच्या इंग्रजीच्या सरांचं एक पुस्तक होतं. पिवळ्या कव्हरचं, पातळ, भाषांतराचं. मॅट्रिकला बसणाऱ्या सोलापुरातल्या निम्म्या पोरांच्या दप्तरात ते असायचं. वैराग-मैंदर्गीकडची पोरंसुद्धा बाजाराला आलेल्या चुलत्याकडून ते मागवून घ्यायची. त्यात डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. त्यातल्या एका शब्दाचा अर्थ चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे मला माहीत होतं. मला माहीत होतं, कारण माझ्या वडिलांना माहीत होतं. त्यावरून जे घडलं त्याचा राग मला अजून आहे. वय झाल्यावर राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, आणि तो निवावा असं मला वाटतही नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, एका गिरणीच्या गेस्टहाऊसवर खानसामा होते. मूळचे केम गावचे. मिसरूड फुटायच्या आत गाडीत बसून सोलापूरला आले, कुणाच्या तरी ओळखीने गिरणीच्या बंगल्यावर भांडी घासायला लागले. तेव्हा बंगल्यात इंग्रज साहेब राहायचे. भांडी घासता घासता आबा स्वयंपाक शिकले, टेबल लावायला शिकले आणि कानांनी इंग्रजी शिकले. स्वातंत्र्यानंतर राहणारे साहेब गेले, तरी मशिनरी बसवायला, दुरुस्त करायला तिकडचे इंजिनिअर अधूनमधून यायचे, महिना-महिना राहायचे. त्यांच्याशी आबा भराभर इंग्रजी बोलायचे. वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं. मराठीतली सही तेवढी वळणदार करायचे.

गेस्टहाऊसवर ते पुडिंग करायचे, घरी येऊन कडक भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर खायचे. पांढरा कोट घरी आल्यावर आधी खुंटीला. त्या कोटाची पितळी बटणं आई चिंचेने घासायची.

मी दहावीत होते. मॅट्रिक तेव्हा अकरावीला होती. दुष्काळाचं मोठं वर्ष नुकतंच सरलं होतं. एका रविवारी दुपारी मी सरांच्या पुस्तकातले शब्द मोठ्याने पाठ करत बसले होते. “शुअर, खात्री असलेला. शुअरली, खात्रीने. सर्टनली, खात्रीने, निश्चितपणे.” आबा चटईवर आडवे पडले होते. मला वाटलं, झोपलेत.

“काय म्हनलीस?” ते डोळे मिटूनच म्हणाले. “शुअरली म्हंजे काय?”

“खात्रीने.”

“कोन म्हनतंय?”

“सरांच्या पुस्तकात आहे.”

ते उठून बसले. हसत होते. “अगं, शुअरली हा खात्रीचा शबुद न्हाय. संशयाचा हाय. मला इचार की. म्या त्यापायी मार खाल्लाय.”

मग त्यांनी सांगितलं. बंगल्यावर नवे होते तेव्हाची गोष्ट. विव्हिंग मास्तर, म्हणजे विणकाम खात्याचा प्रमुख, म्हणून एक गोरा साहेब होता. पाण्याचा फिल्टर रोज सकाळी धुवायचा, हे काम आबांचं. एके दिवशी ते विसरले. साहेबाने पेला हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाला, “शुअरली यू हॅव क्लीन्ड द फिल्टर?” आबांना तोवर ‘शुअर’ म्हणजे खात्री एवढं कुणीतरी सांगितलेलं. त्यांना वाटलं, साहेब म्हणतोय, तू फिल्टर नक्की धुतला आहेस, माझी खात्री आहे. शाबासकीच की. आबा छाती काढून म्हणाले, “थँक्यू सर.” साहेबाने पेला फेकून मारला. भुवईच्या वर लागला. ती खूण त्यांच्या कपाळावर होती, आणि आम्हाला तोवर ती लहानपणी झाडावरून पडल्याची वाटत होती.

“तवा डोक्यात शिरलं,” आबा म्हणाले. “साहेब शुअरली म्हनला की समजायचं, त्येला खात्री न्हाय. धुतला असशीलच ना? असं इचारतोय त्यो. खात्री असती तर इचारलं कशाला असतं?”

“आणि सर्टनली?”

“ते आपन म्हनायचं. त्येनी सूप मागितलं, आपन म्हनायचं, सर्टनली सर. साहेबानं मला कदी सर्टनली म्हनल्यालं म्या ऐकलं न्हाय.”

“ऑफकोर्स?”

“त्येचं दोन परकार. हळू म्हनला तर व्हय. ठासून म्हनला तर, एवडं बी कळत न्हाय का गाढवा.”

आई आतून म्हणाली, पोरीला अभ्यास करू द्या. पण आबा रंगात आले होते. बाईसाहेब ताटाकडे बघून कशी म्हणायची, साहेबाचा पाहुणा कसा म्हणायचा, सगळे आवाज काढून दाखवले. ती दुपार मला फार चांगली आठवते. शिक्षक म्हणून आबांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा पाहिलं तेच शेवटचं.

पुढच्या महिन्यात चाचणी परीक्षा झाली. भाषांतराला एक वाक्य होतं: शुअरली यू हॅव मेट हिम बिफोर. वर्गातल्या सगळ्या मुलींनी लिहिलं, ‘तू त्याला पूर्वी खात्रीने भेटला आहेस.’ मी लिहिलं, ‘तू त्याला पूर्वी भेटला असशीलच ना?’ उत्तरपत्रिका मिळाली तेव्हा त्या वाक्यावर तांबडी फुली होती. फुली इतक्या जोरात मारलेली की कागद मागून फुगला होता.

सर चांगले शिकवतात असा त्यांचा लौकिक होता. टेरिलिनचा शर्ट, खिशाला दोन पेनं, खडू बोटांना लागू नये म्हणून त्याला कागद गुंडाळलेला. ते रागावायचे नाहीत, टोचायचे. मी उठून उभी राहिले आणि विचारलं, “सर, माझं हे वाक्य का चुकलं?”

त्यांनी वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. ‘असशीलच ना’वर थांबले. वर्ग हसला.

“हे असशीलच ना कुठून आणलंस?”

“सर, शुअरली म्हणजे पूर्ण खात्री नसते तेव्हा...”

“कुणी शिकवलं?”

“माझ्या वडिलांनी.”

“अस्सं. वडील काय प्रोफेसर आहेत?”

मी सांगितलं. गिरणीच्या गेस्टहाऊसवर खानसामा आहेत. सांगताना मला लाज वाटली नव्हती, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येतं. लाज त्यांनी वाटायला लावली.

“मग त्यांना मटण कसं करायचं ते विचार,” सर म्हणाले. “भाषांतर मी शिकवतो.”

बाकामागून बाक मुली हसत गेल्या. माझ्या शेजारी बसणारी तेवढी हसली नाही. ती विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. तिच्या मराठीलाही सर असंच हसायचे. तिने बाकाखालून माझ्या परकराला धरून खाली ओढलं, बस म्हणून. मी बसले नाही.

“सर, ज्याला खात्री आहे तो असं विचारणारच नाही. आपल्याला माहीत असलं तर आपण...”

“बास,” ते म्हणाले. “उद्या येताना वहीत शंभर वेळा लिहून आण. शुअरली म्हणजे खात्रीने.”

मी घरी कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी, गिरणीचा भोंगा झाल्यावर, वही घेऊन बसले आणि शंभर वेळा लिहिलं, ‘शुअरली म्हणजे असेलच ना.’ अक्षर चांगलं काढलं. एकही खाडाखोड केली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही उघडली, पहिल्या पानावर नजर टाकली, दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. मग ती सगळी पानं एका झटक्यात फाडली. आवाज चढवला नाही. “वडिलांना घेऊन ये. तोवर माझ्या वर्गात बसायचं नाही.”

दोन दिवस इंग्रजीच्या तासाला मी व्हरांड्यात उभी राहिले. घरी सांगायची भीती वाटत होती असं नाही. खरं तर मनात दुसरंच चाललं होतं. मी चित्र रंगवत होते. आबा येतील. सर त्यांना काहीतरी फाडकन बोलतील. मग आबा त्यांच्याशी इंग्रजीत बोलतील, तसंच, साहेबांशी बोलतात तसं, न अडखळता. सरांचं इंग्रजी आम्ही रोज ऐकत होतो. ते पुस्तक वाचल्यासारखं बोलायचे, शब्द शब्द सुटा. आबांपुढे ते टिकणार नाहीत याबद्दल मला शंका नव्हती. मोठ्या बाईंच्या खोलीत सर कसे गप्प होतील, ते मी व्हरांड्यात उभी राहून मनात पन्नास वेळा पाहिलं.

तिसऱ्या दिवशी आईला सांगितलं, आईने आबांना.  दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला आबा शाळेत आले. दोन वाजता गेस्टहाऊसवर जेवण लावायचं होतं म्हणून कोट अंगावरच होता. फाटकातून तो पांढरा कोट आत येताना दिसला आणि माझा ऊर भरून आला.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. टेबलाशी त्या बसलेल्या, बाजूच्या खुर्चीवर सर. बाईंनी आबांना खुर्ची दाखवली. आबा बसले नाहीत. दाराशी, भिंतीला धरून उभे राहिले, जेवण वाढताना टेबलापासून दोन पावलं मागे उभं राहतात तसे.

सरांनी मुद्दाम इंग्रजीत विचारलं, “डू यू अंडरस्टँड व्हॉट युवर डॉटर हॅज डन?”

तुमच्या मुलीने काय केलंय ते तुम्हाला कळतंय का. एवढं सोपं वाक्य. मी आबांकडे पाहत होते. आता. आता बोलतील.

आबा म्हणाले, “सायेब, आमाला काय कळतंय इंग्रजीतलं. पोरीचं चुकलं आसंल.”

सर बाईंकडे पाहून हसले. “बघा. आणि हे हिला भाषांतर शिकवतात.”

“न्हाय सायेब, म्या कुटं शिकवतोय. उगी गमतीत बोललो आसंन काय तरी. तुमी शिकवाल ते खरं.”

“आबा!” मी म्हणाले.

“माफी माग सरांची.”

मी मागितली नाही. तोंड उघडलं असतं तर माफी सोडून दुसरंच काही निघालं असतं. आबा माझ्यामागे आले. त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि माझं डोकं खाली वाकवलं. जोर नव्हता लावला. पण हात काढलाही नाही, सर “ठीक आहे” म्हणेपर्यंत. त्या हाताला कांद्याचा वास होता. मला फरशीवरच्या रेघा दिसत होत्या आणि वर कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

मोठ्या बाई म्हणाल्या, “मुलगी हुशार आहे हो. जरा जिभेला आवर घालायला सांगा.”

फाटकापर्यंत मी आबांच्या मागे गेले. बाहेर आल्यावर माझा तोल सुटला.

“तुम्हाला येतं ना इंग्रजी? मग का नाही बोललात? त्याने काय विचारलं ते कळलं नाही तुम्हाला?”

आबा चालत राहिले.

“तुम्ही बरोबर होता! तुम्हाला माहीत आहे तुम्ही बरोबर होता! जन्मभर येस सर, येस सर करत आलात, आज एकदा तरी...” पुढचं वाक्य मी इथे लिहीत नाही. ते त्यांच्या कामाबद्दल होतं, उष्ट्या ताटांबद्दल. रस्त्यावरच्या सायकलवाल्याने वळून पाहिलं, इतक्या मोठ्याने मी ते बोलले.

आबा थांबले. कोटाचं वरचं बटण उघडं होतं, ते लावलं. “दोनला जेवन लावायचंय,” म्हणाले आणि गिरणीच्या दिशेने निघून गेले.

त्या दिवसानंतर आबा माझ्यासमोर इंग्रजीचा एक शब्द बोलले नाहीत. सुरुवातीला माझ्या लक्षातही आलं नाही, कारण मीच त्यांच्याशी बोलत नव्हते. ताट पुढे सरकवायचं, पाण्याचा तांब्या ठेवायचा, झालं. आईला हे सहन होईना. आठवड्याभराने ज्वारी निवडता निवडता ती म्हणाली, “तुला काय वाटलं, त्येंना बोलता आलं न्हाय? एकदा बोललं हुतं त्ये.”

मग तिने सांगितलं. तिचं नवं लग्न झालेलं तेव्हाचं. साहेब नाश्ता करत होता, म्हणून त्याला आलेलं एक इंग्रजी पत्र गिरणीच्या ऑफिसातला हेडक्लार्क बंगल्यावर वाचून दाखवत होता. वाचून झाल्यावर साहेबाने त्यातलंच काही पुन्हा विचारलं, क्लार्कने उलटाच अर्थ सांगितला. चहा घेऊन उभे असलेले आबा म्हणाले, न्हाय सर, तसं न्हाय, असं हाय. साहेबाने पत्र घेऊन स्वतः वाचलं आणि म्हणाला, बेअरर इज राइट, हा वाढपी बरोबर सांगतोय. बास, एवढंच. साहेब चार महिन्यांनी मायदेशी गेला. पुढच्याच आठवड्यात हेडक्लार्कने आबांना बंगल्यावरून काढून बॉयलरवर टाकलं. राख ओढायला.

“दोन वर्सं राख वढली त्येंनी,” आई म्हणाली. “बरोबर हुतं म्हनून. खोकला तवाचाच हाय. नवा साहेब आला, त्येला सैपाकी मिळंना, तवा कुटं परत बंगल्यावर आनलं. आन तुज्या मॅट्रिकच्या फारमावर सही कुनाची लागतीया? शाळंचीच न्हवं?”

हे ऐकून माझा राग जावा अशी आईची अपेक्षा होती. तो गेला नाही, पसरला. आता तो एकट्या आबांवर नव्हता. हेडक्लार्कवर होता, जो मी कधी पाहिलाही नव्हता. सरांवर होता. आणि माणसाला बरोबर असण्याची शिक्षा देणाऱ्या त्या सगळ्या खुर्च्यांवर होता.

शहरातल्या एका मोठ्या वाचनालयात इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश होता. तो घरी देत नसत, तिथेच बसून बघावा लागे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिथे गेले. ग्रंथपालांनी मला दोनदा विचारलं, तुला हाच हवाय का? पानं चाळून शब्द शोधायलाच मला वेळ लागला. पण सापडला. पहिला अर्थ खात्रीने असाच होता, तो जुना, पुस्तकी. त्याच्याखाली दुसरा. बोलणाऱ्याला वाटतं की असं असावं, पण खात्री नसते, म्हणून समोरच्याने होकार द्यावा अशी अपेक्षा असते. कधी त्यात आश्चर्य, कधी संशय. खाली वाक्यं दिली होती. वाक्यं वेगळी होती, पण प्रत्येकात मला आबांच्या साहेबाचा आवाज ऐकू आला. मी सगळं वहीत उतरवून घेतलं.  

सोमवारी मी सरांकडे गेले नाही. मोठ्या बाईंकडे गेले. वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचलं. शांतपणे वही मिटली.

“हो. हे बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

“मग तुम्ही सरांना...”

“मला त्या दिवशीही माहीत होतं, बाळ.”

त्यांनी वही माझ्या बाजूला सरकवली.

“सर आपल्या शाळेचे आधारस्तंभ आहेत. त्यांच्या नावावर मुली येतात. एका शब्दासाठी त्यांचा अपमान करून चालेल का? तूच सांग. तू मॅट्रिकला चांगले मार्क मिळव. तेच उत्तर.”

सर अज्ञानी होते, गर्विष्ठ होते. त्यांना निदान आपण बरोबर आहोत असं वाटत होतं. या बाईंना ठाऊक होतं, आणि तरीही त्या माझी मान वाकताना बघत बसल्या. माझ्या बापाला दाराशी उभं राहू दिलं आणि वर जिभेला आवर घालायला सांगितलं. पुढे आयुष्यात मला सरांसारखी माणसं थोडी भेटली, बाईंसारखी पुष्कळ. खादीची साडी, मऊ आवाज, आणि सगळं माहीत असणारी.

मॅट्रिक झाले. चांगले मार्क पडले. मॅट्रिकच्या पेपरात तो शब्द आला नाही. कॉलेजात इंग्रजीच घेतलं, हट्टाने. एका पुस्तकात एक वाक्प्रचार अडला, बोलण्यातला होता, कोशात नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा मी आबांजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, “आबा, साहेब लोक असं म्हणायचे का कधी?” वाक्य वाचून दाखवलं.

त्यांना ते माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांत ते क्षणभर हललं, मी पाहिलं. मग म्हणाले, “मला काय येतंय इंग्रजी, पोरी. सरांस्नी इचार.”

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. ते खरोखरच दार लावून घेतल्यासारखं होतं, आणि ते दार मी रस्त्यावर ओरडून लावलं होतं. हा राग माझा माझ्यावर आहे. तोही मी याच हिशेबात धरते.

बी. ए., बी. एड. करून मी शिक्षिका झाले, शहरातल्याच दुसऱ्या शाळेत. त्या गोष्टीला सहा-सात वर्षं झाली होती. जूनमध्ये स्टाफरूममध्ये पुस्तकविक्रेता नमुन्याच्या प्रती ठेवून गेला. त्यात सरांचं पिवळं पुस्तक होतं, नवी सुधारित आवृत्ती. मी आधी तो शब्दच काढला.

‘शुअरली: असेलच ना, नाही का. बोलणाऱ्याची पूर्ण खात्री नसताना वापरतात.’

प्रस्तावना वाचली. अनेक वर्षांच्या अध्यापनाच्या अनुभवातून आणि चिंतनातून काही शब्दांचे सूक्ष्म अर्थ आपल्याला उलगडत गेले, असं सरांनी लिहिलं होतं. चिंतनातून! शाळा सुटल्यावर मी तशीच त्यांच्या घरी गेले. ते निवृत्त झाले होते. ओसरीवर आरामखुर्चीत पेपर वाचत बसले होते. मला ओळखलं नाही. आठवण करून दिली तेव्हा चेहरा बदलला.

“अरे हो, हो. ती. काय करतेस?”

“इंग्रजी शिकवते.” मी पान उघडून त्यांच्या हातात दिलं. “सर, हा अर्थ तुम्हाला कुणी सांगितला?”

त्यांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. “अभ्यासातून कळत जातं माणसाला.”

“तुम्ही माझी वही फाडलीत. शंभर ओळी होत्या. त्यात हेच लिहिलं होतं.”

“लहान होतीस तू. शिस्तीचा प्रश्न होता तो, अर्थाचा नव्हता.”

“माझ्या वडिलांनी सांगितला होता हा अर्थ. प्रस्तावनेत तेवढं लिहा.”

सर हसले. तेच जुनं, टोचणारं. “काय लिहू? एका खानसाम्याचे आभार?”

“हो. तेच लिहा.”

“घरी जा, बाई,” ते म्हणाले आणि पेपर उचलला. पूर्वी ‘अगं’ म्हणायचे, आता ‘बाई’ म्हणाले. तेवढीच माझी प्रगती.

घरी आले तेव्हा आबा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांचं काम सुटलं होतं. गिरणीची अवस्था वाईट होती, गेस्टहाऊसला कुलूप लागलं होतं. मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं, नवा अर्थ वाचून दाखवला, प्रस्तावना वाचली, सरांच्या घरी काय झालं ते शब्दन् शब्द सांगितलं. मला वाटलं होतं, ते आता तरी चिडतील.

ते चिडले. माझ्यावर.

“तू त्येच्या दारात गेलीस? माजं नाव मागाया?” आबांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. आई आतून धावत आली. “म्या तुला सांगितलं हुतं का? म्या उभ्या जन्मात माज्यासाठी कुनाला काय मागितलं न्हाय. त्या दिवशी हात जोडलं ते तुज्यासाठी. इंग्रजीत बोललो असतो तर त्यो तुला जलमभर सोडला नसता. म्या येडा झालो, त्यो हसला, तुज्या फारमावर सही झाली. इषय संपला हुता. आन तू परत त्येला माज्यावर हसाया लावलंस!”

“पण आबा, त्याने तुमचं चोरलं!”

“काय चोरलं? शबुद? शबुद काय माजा हुता? साहेबाचा हुता. तुज्यासारक्या पोरी आता बरोबर शिकतील. चांगलंच हाय की.”

खोकल्याने त्यांना पुढे बोलता येईना. आईने पाणी दिलं. मी पुस्तक उचललं आणि आत गेले. त्यांचं म्हणणं मला कळत होतं. ते मला तेव्हाही पटलं नाही. जो माणूस पेला खाऊन एक शब्द शिकला, राख खाऊन एक धडा शिकला, त्याने हे असं सगळं सोडून द्यावं आणि दुसऱ्याने चिंतन म्हणून छापावं, यात चांगलं काय आहे ते कुणीतरी मला समजावून सांगावं.

मी प्रकाशकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा आलं नाही. आमच्या शाळेत ते पुस्तक लावायचं नाही असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यावरून वाद झाला, तरी पुस्तक लागलंच. तो शब्द शिकवायची वेळ आली तेव्हा मी वर्गाला स्पष्ट सांगितलं, की हा अर्थ मला माझ्या वडिलांनी सांगितला, ते गिरणीत खानसामा होते, आणि पुस्तकाच्या लेखकाने तो आधी चूक ठरवला होता. काही मुली हसल्या. मी त्यांना हसू दिलं नाही. त्या दिवशी मी वर्गावर इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातले शिक्षक दारात येऊन उभे राहिले.

आबा आणखी चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत आम्ही पुष्कळ बोललो, ज्वारीच्या भावाबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल, माझ्या लग्नाबद्दल. त्या विषयावर नाही. ते इंग्रजीचा शब्द काढायचे नाहीत, मी सरांना माफ केलं असं म्हणायची नाही. आई दोघांना ताटं वाढताना म्हणायची, “येक झाकावं आन दुसरं काढावं. दोगंबी सारकीच हेकट.”

तिचं खरं होतं. आबा त्यावर हसायचे. मी नाही.